एक्सव्ही६ ला हायपरव्हायजर करताना: सोलापूरच्या एका कॉलेज लॅबमधलं रिस्क-फाइव्हचं प्रकरण

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या चौघांनी एक्सव्ही६ हा शिकवण्यासाठी लिहिलेला छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, घेतला. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर आर्किटेक्चरच्या हायपरव्हायजर एक्स्टेन्शनवर (एका मशीनवर आभासी मशीन चालवण्यासाठीची जोड) त्यात असे बदल केले, की तो होस्ट व्हावा आणि त्याच्या आत दुसरा एक्सव्ही६ गेस्ट म्हणून चालावा. या प्रकल्पाचा मार्गदर्शक मी होतो. काम कुठे अडलं आणि अडलेलं कशामुळे सुटलं ते इथे सविस्तर मांडतोय. या विषयावर मराठीत वाचायला फारसं मिळत नाही, आणि इंग्रजीत जे मिळतं त्यात तयार झालेला कोड दिसतो. तो तयार होताना काय काय मोडलं होतं ते दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कर्नलला व्हर्च्युअलायझेशन शिकवताना गेस्टमध्ये शिरणं सोपं असतं. मोजकी रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या नोंदीच्या छोट्या जागा) भरायची आणि एक इन्स्ट्रक्शन चालवायची. खरी मेहनत असते ती प्रत्येक ट्रॅपचा, म्हणजे चालू कोड अडून ताबा जास्त अधिकाराच्या कोडकडे जाण्याच्या प्रसंगाचा, धनी ठरवण्याची: हा ट्रॅप गेस्टने स्वतः निस्तरायचा, होस्टने निस्तरायचा, की त्याच्याही खालच्या फर्मवेअरच्या थराने? या प्रकरणातली जवळजवळ प्रत्येक अडचण याच प्रश्नापाशी येऊन थांबली.

हाच विषय का

आमच्याकडचे बरेचसे प्रकल्प हजेरीचे, सुताच्या हिशेबाचे, टॉवेल कारखान्याच्या बिलिंगचे असतात. ते उपयोगाचे असतात, गावातले कारखानदार ते वापरतातही. या चौघांना मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला जे शिकले त्याच्या एक पायरी खाली उतरायचं होतं. एक मुलगी पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. एक अक्कलकोटचा, कानडी बोलणारा. दोघं बार्शी आणि मोहोळहून एसटीने येणारे. फळ्यावरची चर्चा मराठीत सुरू व्हायची आणि तावातावाने बोलताना तिन्ही भाषांत पसरायची. सोलापुरात हे नवीन नाही.

रिस्क-फाइव्हची सुरुवात २०१० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. तिचं विनिर्देश-पुस्तक, म्हणजे स्पेक, कोणालाही फुकट वाचता येतं, आणि आमच्यासारख्या लॅबला हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे भारतीय प्रोसेसर याच आर्किटेक्चरवर आहेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने डीआयआर-व्ही हा कार्यक्रमही त्यासाठीच जाहीर केला. एक्सव्ही६ हा एमआयटीचा कर्नल २०१९ मध्ये एक्स८६ वरून रिस्क-फाइव्हवर आला, तोच आम्ही शिकवतो. म्हणजे पाया तयार होता.

हायपरव्हायजर एक्स्टेन्शन २०२१ च्या अखेरीस अधिकृत झालं. लिनक्समधला केव्हीएम हा हायपरव्हायजर त्यावर चालू लागला ५.१६ या आवृत्तीपासून, जानेवारी २०२२ मध्ये. वेस्टर्न डिजिटलमधल्या अनुप पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅचेस, म्हणजे कोडमधले बदल, २०१९ पासूनच पाठवायला सुरुवात केली होती; पण स्पेक गोठवला गेल्याशिवाय त्यावरचा कोड घ्यायचा नाही, असं लिनक्सच्या रिस्क-फाइव्ह विभागाचं धोरण होतं. मुलांना हे ऐकून वाईट वाटलं, एवढा कोड नुसता पडून राहिला म्हणून. मला ते धोरण बरोबर वाटतं. स्पेकमधला एक बिट हलला तर त्यावर बांधलेला कर्नल वर्षानुवर्षं दोन्ही अर्थ सांभाळत बसतो.

हार्डवेअरचा प्रश्न लवकर मिटला. सहज मिळणाऱ्या व्हिजनफाइव्ह २ बोर्डातल्या कोअरमध्ये हे एक्स्टेन्शन नाही. त्यामुळे सगळं काम क्यूएमू या एम्युलेटरवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनवर, झालं. मुलांना सुरुवातीला बोर्ड हवा होता, पण असल्या कामाला पहिल्यांदा एम्युलेटरच चांगला. त्याला जीडीबी हा डीबगर जोडला की मशीन मोडमधली, म्हणजे सर्वांत खालच्या आणि सर्वाधिक अधिकाराच्या थरातली, रजिस्टरंसुद्धा उघडी दिसतात, आणि पुढे नेमकं तेच कामाला आलं.

आर्किटेक्चर काय देतं

पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये एक साधी कसोटी मांडली. मशीनच्या स्थितीला हात घालणारी किंवा ती स्थिती उघड करणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन कमी अधिकाराच्या मोडमध्ये ट्रॅप झाली पाहिजे. तसं असेल तर गेस्टला त्याच्या नकळत खाली बसवता येतं. एक्स८६ या कसोटीत बसत नव्हता. पॉपएफ ही इन्स्ट्रक्शन युजर मोडमध्ये इंटरप्टचा बिट बदलायला गेली, तर ट्रॅप न होता मुकाट्याने काहीच करत नसे. इंटेलचा व्हीटी-एक्स २००५ मध्ये आला तेव्हा ही अडचण हार्डवेअरमध्ये सुटली, आणि त्याच्या आधाराने केव्हीएम २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० मध्ये दाखल झाला. आर्मने हायपरव्हायजरसाठी ईएल२ ही स्वतंत्र पातळी ठेवली. तिथली रजिस्टरं वेगळी असल्याने लिनक्स जसाच्या तसा त्या पातळीवर चालेना, आणि केव्हीएमचे दोन तुकडे करावे लागले. पुढे आर्मव्ही८.१ मध्ये त्यावर उपाय आला.

रिस्क-फाइव्हने या दोघांचा अनुभव पाहून रचना केली असावी असं स्पेक वाचताना सारखं जाणवतं. इथे नेहमीचा सुपरव्हायजर मोड, म्हणजे कर्नल चालतो तो मोड, हाच एचएस मोड होतो. जुना कर्नल काहीही न बदलता तिथे बूट होतो. त्याला फक्त काही नवी रजिस्टरं जास्तीची दिसतात. गेस्टचा कर्नल व्हीएस मोडमध्ये चालतो आणि गेस्टच्या प्रोसेस व्हीयू मोडमध्ये. गेस्टने एसस्टेटस, एसटीव्हेक, एसएटीपी अशा सुपरव्हायजर रजिस्टरांना हात लावला, की हार्डवेअर परस्पर त्यांच्या व्हीएस जोडीदारांकडे नेतं. गेस्टला फरक कळत नाही.

पत्त्यांचं रूपांतर दोन टप्प्यांत होतं. गेस्टचं पेज टेबल आभासी पत्त्यावरून गेस्टच्या समजुतीतला भौतिक पत्ता काढतं, आणि जी-स्टेज नावाचं दुसरं टेबल त्यावरून खरा भौतिक पत्ता काढतं. पेठेतल्या जुन्या घराला घर नंबर वेगळा असतो आणि सिटी सर्व्हेचा नंबर वेगळा. घरची माणसं पहिला सांगतात, मोजणी मात्र दुसऱ्यावर होते, तसं. दुसऱ्या टेबलाचा पत्ता होस्ट एचजीएटीपी या रजिस्टरात ठेवतो. गेस्टला ते दिसतच नाही.

शिरताना

पहिला गेस्ट अगदी लहान ठेवला होता. असेंब्लीच्या मोजक्या ओळी, ईकॉल (खालच्या थराकडे मदत मागणारी इन्स्ट्रक्शन) करून एक अक्षर छापायचं आणि तिथेच फिरत राहायचं. गड्ड्याच्या जत्रेआधी ते अक्षर स्क्रीनवर दिसलं पाहिजे असा मुलांचा हट्ट होता.

शिरण्याचा कोड मुलीने लिहिला आणि त्यात तिने एक गोष्ट फार छान हेरली. एक्सव्ही६ मध्ये युजर प्रोसेसकडे जाताना आणि परतताना ट्रॅम्पोलिन नावाचं एक पान लागतं. युजर आणि कर्नल दोघंही एकच एसएटीपी (चालू पेज टेबलाचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) वापरतात, त्यामुळे टेबल बदलण्याच्या क्षणी चालू असलेला कोड दोन्ही टेबलांत एकाच पत्त्यावर असावा लागतो. ती म्हणाली, "सर, गेस्टला ट्रॅम्पोलिन कशाला? तो एसएटीपी वापरतच नाही." अगदी खरं. गेस्ट चालू असताना व्हीएसएटीपी आणि एचजीएटीपी कामाला असतात; होस्टचं एसएटीपी जागच्या जागी राहतं आणि ट्रॅप होऊन बाहेर आलं की त्याच क्षणी लागू होतं. मग बाहेर येण्याचा कोड कर्नलच्या साध्या पत्त्यावर ठेवला तरी चालतं. एसस्क्रॅच हे रजिस्टरही होस्टला पूर्ण मोकळं मिळतं, कारण गेस्टचं स्वतःचं व्हीएसस्क्रॅच असतं. त्यात गेस्टच्या स्ट्रक्चरचा पत्ता ठेवला, की बाहेर येताना रजिस्टरं कुठे ओतायची हा प्रश्न संपतो. युजर प्रोसेसपेक्षा गेस्टची ये-जा सोपी निघाली, हे पाहून वर्गातल्या इतरांनाही नवल वाटलं.

एचस्टेटसमधला एसपीव्ही बिट लावायचा, एसस्टेटसमधला एसपीपी लावायचा, एसईपीसीत गेस्टचा पहिला पत्ता ठेवायचा आणि एसरेट ही परतीची इन्स्ट्रक्शन चालवायची. एवढं झालं की आपण व्हीएस मोडमध्ये.

पण जी-स्टेजचं टेबल उभं करताना एक्सव्ही६ चा साधेपणा आड आला. एसव्ही३९एक्स४ या पद्धतीत गेस्टचा भौतिक पत्ता दोन बिटांनी रुंद असतो, म्हणून मुळाचं टेबल ४ केबीऐवजी १६ केबीचं लागतं, तेही १६ केबीच्या सीमेवर. एक्सव्ही६ चा केअलॉक, म्हणजे मेमरी वाटणारा अलोकेटर, एका वेळी एकच ४ केबीचं पान देतो. सलग चार पानं मागायची सोयच नाही. आणि चुकीच्या सीमेवरचा पत्ता दिला तर हार्डवेअर तक्रार करत नाही. एचजीएटीपीतल्या पान क्रमांकाचे शेवटचे दोन बिट शून्यच वाचले जातात, म्हणजे टेबल भलत्याच ठिकाणी शोधलं जातं. मुलांपुढे दोन वाटा होत्या, अलोकेटर नव्याने लिहायचा किंवा कर्नलमध्येच १६ केबीची सीमा पाळणारी ठरावीक जागा राखून ठेवायची. मी दुसरी घ्यायला सांगितली. गेस्ट एक-दोनच असणार होते, आणि अलोकेटर हा आमचा विषय नव्हता. राखलेली जागा पूर्ण शून्याने भरणं मात्र चुकवायचं नाही. लहान गेस्टला त्यातल्या पहिल्या ४ केबीचीच गरज पडते, पण उरलेल्या १२ केबीत कचरा राहिला तर एखादा भरकटलेला पत्ता त्या कचऱ्यातून कुठेही पोचेल.

यानंतरही पहिलीच इन्स्ट्रक्शन अडली. त्याचं उत्तर स्पेकच्या एका वाक्यात होतं. जी-स्टेजमध्ये प्रत्येक वाचन-लेखन युजर पातळीवरचं धरलं जातं, मग गेस्टचा कर्नल ते करत असला तरी. म्हणून या टेबलातल्या प्रत्येक नोंदीवर यू बिट (युजर पातळीला परवानगी देणारा) हवाच. एक्सव्ही६ मध्ये कर्नलच्या पानांवर तो बिट कधीच नसतो, त्यामुळे जुना मॅपिंगचा कोड उचलून वापरला की हे हटकून होतं. बिट लावला आणि अक्षर छापलं गेलं. गड्ड्याला अजून वेळ होता.

पळणारं घड्याळ

इथून पुढचा भाग या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दुसऱ्या छोट्या गेस्टने ईकॉल न करता सरळ यूएआरटी या सिरियल पोर्टच्या पत्त्यावर, म्हणजे हेक्स १००००००० वर, एक बाइट लिहायचा होता. जी-स्टेजमध्ये तो पत्ता मुद्दामच मॅप केला नव्हता. अपेक्षा अशी, की स्टोअर गेस्ट-पेज-फॉल्ट (लिहायला गेलेलं पान जी-स्टेजमध्ये न सापडल्याचा ट्रॅप) येईल, होस्ट तो पकडेल आणि गेस्टच्या वतीने अक्षर छापेल. गेस्ट पार्श्वभूमीला सोडला. काहीच छापलं नाही. होस्टचा शेल मात्र जिवंत होता, कमांड घेत होता. मोहोळच्या मुलाने सहज म्हणून स्लीप १००, म्हणजे घड्याळाचे शंभर टिक थांबायची कमांड, चालवून पाहिली. एक्सव्ही६ चा एक टिक साधारण एक दशांश सेकंदाचा, म्हणजे दहा सेकंद लागायला हवेत. प्रॉम्प्ट लगेच परत आला.

"अबे, घड्याळ पळालंय की!"

मग त्यांनी गेस्टची प्रोसेस मारली आणि पुन्हा स्लीप दिलं. आता ते परतच येईना. गेस्ट चालू असताना घड्याळ सुसाट, आणि गेस्ट मेल्यावर ठप्प. गेस्टच्या एका बाइटच्या लेखनाचा होस्टच्या घड्याळाशी काय संबंध, हे कोणालाच कळेना.

जीडीबी लावून मशीन मोडच्या टायमरव्हेक या टायमर हाताळणाऱ्या रूटीनवर ब्रेकपॉइंट टाकला. चालू केल्या केल्या तिथे थांबला. पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच. ट्रॅपचं कारण सांगणारं एमकॉज पाहिलं तर त्यात टायमर इंटरप्टचा क्रमांक नव्हता. साधे २३ होते. स्टोअर गेस्ट-पेज-फॉल्ट. जो ट्रॅप होस्टकडे यायचा तो एक मजला खाली मशीन मोडमध्ये पडत होता.

कारण एक्सव्ही६ च्या स्टार्ट फाइलमध्ये होतं. बूट होताना एमईडेलेग या रजिस्टरात खालचे सोळा बिट १ करून कर्नल सांगतो, की ० ते १५ क्रमांकाचे अपवाद (चालू इन्स्ट्रक्शनमुळेच उद्भवणारे ट्रॅप) सुपरव्हायजरकडे पाठव. हायपरव्हायजर नव्हता तेव्हा तेवढं पुरत होतं. गेस्ट-पेज-फॉल्ट २०, २१ आणि २३ क्रमांकाचे आहेत, व्हर्च्युअल इन्स्ट्रक्शनचा अपवाद २२. चौघेही सोळा बिटांच्या बाहेर. पहिला गेस्ट चालला कारण व्हीएस मोडमधल्या ईकॉलचा क्रमांक १० आहे, तो आत होता. यू बिट नसताना पहिली इन्स्ट्रक्शन अडायची तोही २० क्रमांकाचा ट्रॅप खालीच पडत होता, फक्त तेव्हा कोणी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

आता घड्याळ. आमच्या लॅबमधली एक्सव्ही६ ची आवृत्ती जुनी होती. तिच्यात मशीन मोडमध्ये एकच हँडलर आहे, टायमरव्हेक, आणि आपल्याकडे टायमर इंटरप्टशिवाय दुसरं काही येणारच नाही या भरवशावर तो लिहिलेला आहे. आल्या आल्या तो एमटाइमकॉम्पमध्ये, म्हणजे पुढचा टिक कधी ते ठरवणाऱ्या रजिस्टरात, एक टिक मिळवतो, सुपरव्हायजरसाठी सॉफ्टवेअर इंटरप्ट उठवतो आणि एमरेट करून जिथून आला तिथे परत जातो. गेस्टचा फॉल्ट त्याच्याकडे आला की तो इमानदारीने हेच करायचा. परत व्हीएस मोडमध्ये गेल्याबरोबर उठवलेला इंटरप्ट होस्टला मिळायचा. होस्ट म्हणायचा टिक झाला, मोजणी एकने वाढवायचा, दुसऱ्या प्रोसेसला संधी द्यायचा आणि गेस्टमध्ये परतायचा. गेस्ट तीच स्टोअर इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवायचा. फॉल्ट, टिक, फॉल्ट, टिक. प्रत्येक फेरीत एमटाइमकॉम्प एक दशांश सेकंदाने भविष्यात सरकत होता. म्हणून गेस्ट मेल्यावर पुढचा खरा टिक यायला फार लांबची वेळ उरली होती, आणि घड्याळ थांबल्यासारखं झालं.

दुरुस्ती एका ओळीची होती: एमईडेलेगमध्ये २० ते २३ हे चार बिट वाढवले. पण मी त्यावर थांबू दिलं नाही. टायमरव्हेकच्या सुरुवातीला एमकॉजचा सर्वांत वरचा बिट तपासायला लावला. तो शून्य असेल तर हा इंटरप्ट नाही, अपवाद आहे. मग क्रमांक छापून तिथेच थांबायचं. अनोळखी ट्रॅपला ओळखीचा समजून निस्तरणारा हँडलर कर्नलमधली सगळ्यांत घातक गोष्ट आहे, कारण तो काहीच मोडत नाही. फक्त सत्य बदलतो.

त्याच दुपारी फळ्यावर तक्ता काढला. आडव्या ओळींत अपवादांचे आणि इंटरप्टचे क्रमांक, उभ्या रकान्यांत तीन धनी: मशीन मोड, होस्ट, गेस्ट. प्रत्येक ओळीत एकच खूण करायची आणि ती कोणत्या रजिस्टरातल्या कोणत्या बिटाने अमलात येते ते शेजारी लिहायचं. लॅबमध्ये एप्रिलच्या तोंडाचा उकाडा होता, मधेच लाइट गेली तरी कोणी उठलं नाही. असा कर्नल कोणी घ्यायला निघालं तर माझा आग्रह राहील, की शिरण्याचा कोड लिहिण्याआधी हा तक्ता लिहा.

तक्त्यावरून दोन गोष्टी लगेच स्पष्ट झाल्या. गेस्टच्या स्वतःच्या पेज टेबलातली गफलत १२, १३ किंवा १५ क्रमांकाने येते आणि ती एचईडेलेगने (होस्टने गेस्टकडे ट्रॅप सोपवण्याचं रजिस्टर) थेट गेस्टकडे द्यायची, होस्टने मधे पडायचं नाही. जी-स्टेजची गफलत २०, २१, २३ ने येते आणि ती गेस्टकडे देताच येत नाही. एचईडेलेगमधले ते बिट कायमचे शून्य आहेत. दुसरी गोष्ट ८ क्रमांकाची. युजर मोडमधला ईकॉल आणि व्हीयू मोडमधला ईकॉल दोघांचा क्रमांक ८ च. होस्टच्या प्रोसेसने सिस्टिम कॉल केला, की गेस्टच्या आतल्या प्रोसेसने, हे क्रमांक सांगत नाही. एचस्टेटसमधला एसपीव्ही सांगतो. तो ८ गेस्टकडे सोपवला नसता, तर होस्टने गेस्टच्या प्रोसेसची फाइल उघडण्याची विनंती हाती घेतली असती.

यूएआरटी, पीएलआयसी आणि दोन बाइटांची इन्स्ट्रक्शन

आता फॉल्ट होस्टकडे येत होता, पण एचटीव्हॅल या अडलेल्या पत्त्याच्या रजिस्टरात पत्ता दिसला हेक्स ४००००००. यूएआरटी तिथे नाही. स्पेकप्रमाणे एचटीव्हॅलमध्ये गेस्टचा भौतिक पत्ता दोन बिट उजवीकडे सरकवून ठेवलेला असतो. रुंद झालेला पत्ता रजिस्टरात मावावा म्हणून. चाराने गुणलं की हेक्स १०००००००, आणि गळालेले खालचे दोन बिट एसटीव्हॅलमधून घ्यायचे. लिनक्सचा केव्हीएम नेमकं हेच करतो, हे मुलांनी सोर्समध्ये शोधून दाखवलं तेव्हा मला आनंद झाला. उत्तर आधी स्पेकमधून काढायचं आणि मग केव्हीएममध्ये पडताळायचं, हा क्रम त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

कोणती इन्स्ट्रक्शन अडली ते एचटीइन्स्ट सांगतं, पण हार्डवेअरला तिथे शून्य ठेवण्याचीही मुभा आहे. शून्य असेल तर होस्टला गेस्टच्या मेमरीतून ती इन्स्ट्रक्शन स्वतः वाचावी लागते. त्यासाठी एचएलव्हीएक्स ही खास इन्स्ट्रक्शन आहे. ती गेस्टच्या दोन्ही टप्प्यांतून जाते आणि वाचनाची परवानगी नसली तरी चालवण्याची परवानगी असलेलं पान वाचते. मुलांनी दोन्ही वाटा लिहिल्या.

यानंतर खराखुरा एक्सव्ही६ गेस्ट म्हणून आणला. त्याचा मशीन मोडचा स्टार्ट भाग काढून टाकला, कारण व्हीएस मोडमध्ये एमस्टेटसला हात लावला की इल्लीगल इन्स्ट्रक्शन येते. डिस्कच्या जागी रॅमडिस्क (मेमरीतच ठेवलेली डिस्क) दिली आणि मेमरीची वरची सीमा खाली आणली. यूएआरटीवर बूटचा संदेश सुरेख उमटला. पीएलआयसी, म्हणजे इंटरप्ट कंट्रोलर, जागा होताच मात्र गेस्ट भरकटला. अनुकरण करून झाल्यावर होस्ट एसईपीसी दर वेळी चार बाइट पुढे नेत होता. यूएआरटीला बाइट लिहिणारी इन्स्ट्रक्शन चार बाइटांचीच असते, म्हणून तिथे निभावलं. पीएलआयसीची रजिस्टरं ३२ बिटांची, आणि ३२ बिटांच्या वाचन-लेखनाला कंपायलर दोन बाइटांची आखूड इन्स्ट्रक्शन वापरू शकतो. चार पुढे गेलं की गेस्टची एक इन्स्ट्रक्शन गिळली जाते. एचटीइन्स्टमधला खालून दुसरा बिट शून्य असेल तर मूळ इन्स्ट्रक्शन दोन बाइटांची होती, ही खूण स्पेकमध्ये आहे. त्या बिटावर लांबी ठरवली आणि गेस्टचा शेल उघडला. त्या मुलांनी होस्टच्या शेलमधून गेस्टच्या शेलमध्ये एलएस चालवलं, आणि मग बराच वेळ दुसरं काहीच केलं नाही.

टायमरचं थोडक्यात. गेस्ट ईकॉल करून वेळ मागतो, होस्ट ती लिहून ठेवतो, वेळ झाली की एचव्हीआयपी या गेस्टला इंटरप्ट देण्याच्या रजिस्टरातला ६ क्रमांकाचा बिट लावतो. एचआयडेलेगमध्ये तो सोपवलेला असेल तर गेस्टला तो नेहमीचा ५ क्रमांकाचा टायमर इंटरप्ट म्हणून दिसतो. गेस्टने पुढची वेळ मागितली की बिट उतरवायला विसरायचं नाही. नाहीतर इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहतो आणि गेस्टला श्वास घ्यायला जागा राहत नाही. गेस्टला थेट घड्याळ वाचू द्यायचं असेल तर एमकाउंटरेन आणि एचकाउंटरेन, दोन्हीकडची परवानगी लागते.

दोन गेस्ट

एकच गेस्ट असेपर्यंत व्हीएस रजिस्टरं हार्डवेअरमध्ये तशीच सोडली तरी चालत होती. दुसरा गेस्ट सुरू केला आणि पहिला आपल्या पेज टेबलाऐवजी दुसऱ्याच्या टेबलातून पत्ते शोधू लागला. होस्टच्या दृष्टीने गेस्ट ही एक प्रोसेसच. पण एक्सव्ही६ चा प्रोसेस बदलणारा स्विच फक्त १४ रजिस्टरं जपतो, आणि त्यांत व्हीएसएटीपी, व्हीएसटीव्हेक, व्हीएसईपीसी यांतलं काहीच नाही. केव्हीएममध्ये प्रोसेस कोअरवर चढताना आणि उतरताना हे काम करायची ठरलेली जागा आहे. एक्सव्ही६ मध्ये तशी जागा नाही, म्हणून गेस्टच्या वतीने यील्ड करण्याआधी (प्रोसेसर दुसऱ्या प्रोसेसला सोडण्याआधी) जपणं आणि परतल्यावर भरणं, अशी जोडी लिहिली.

एकाहून जास्त कोअर दिल्यावर हीच जोडी कामाला आली. यील्ड करून परतलेली प्रोसेस भलत्याच कोअरवर असू शकते. तिथलं एचजीएटीपी, एचव्हीआयपी, एचईडेलेग सगळं दुसऱ्याचं किंवा रिकामं. त्यामुळे परतल्यावर होस्टने काहीही गृहीत न धरता सगळी रजिस्टरं नव्याने भरायची, असा नियम ठरला. व्हीएमआयडीचा, म्हणजे गेस्टच्या ओळख-क्रमांकाचा, वापर मुलांनी केला नाही; सगळ्यांचा शून्य ठेवला आणि गेस्ट बदलताना एचफेन्स.जीव्हीएमए आणि एचफेन्स.व्हीव्हीएमए हे जुनी रूपांतरं पुसणारे दोन्ही फेन्स चालवले. हे महाग पडतं, पण आमच्या प्रमाणात योग्यच होतं. एम्युलेटरवर फेन्स राहून गेला तरी कदाचित काही बिघडलेलं दिसणार नाही. खऱ्या चिपवर टीएलबीतली (रूपांतरित पत्त्यांच्या साठ्यातली) जुनी नोंद एका गेस्टला दुसऱ्याची मेमरी दाखवेल. म्हणून स्पेक जिथे फेन्स मागतो तिथे तो टाकायचाच, चाचणी काहीही सांगो.

सध्या कुठे आहे

दोन एक्सव्ही६ गेस्ट एकाच होस्टवर चालतात, दोघांचे शेल स्वतंत्र, एकाने दुसऱ्याच्या पत्त्यावर लिहायचा प्रयत्न केला तर तो होस्टपाशी अडतो. विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बहुतेक वेळ त्या फळ्यावरच्या तक्त्याच्या छापील प्रतीवरच प्रश्न विचारले, आणि चौघांनीही प्रत्येक ओळीचं कारण सांगितलं. त्यांतले दोघं आता पुण्यात सिस्टिम सॉफ्टवेअरचं काम करतात.

पुढच्या गटाने हा कोड एक्सव्ही६ च्या नव्या आवृत्तीवर न्यायला घेतला आहे. तिथे टायमरव्हेक उरलेलाच नाही. एसएसटीसी एक्स्टेन्शनमुळे कर्नल स्वतःच एसटाइमकॉम्प लिहितो आणि मशीन मोडची मदत लागत नाही. गेस्टसाठी त्याचा जोडीदार व्हीएसटाइमकॉम्प आहे. एमईएनव्हीसीएफजीमधला परवानगीचा बिट एक्सव्ही६ आधीच लावतो, एचईएनव्हीसीएफजीमधला आपल्याला लावायचा आहे. मग गेस्टच्या टायमरचं अनुकरण करणारा बहुतेक कोड काढून टाकता येईल. रॅमडिस्कच्या जागी व्हर्टआयओ या आभासी डिस्कचं अनुकरण हे त्यानंतरचं काम. त्यात गेस्ट जे पत्ते डिस्कच्या रांगेत लिहून देतो ते गेस्टचे भौतिक पत्ते असतात, आणि होस्टला त्यातला एकेक जी-स्टेजमधून स्वतः उलगडून, तो त्याच गेस्टच्या हद्दीत आहे ना हे तपासूनच वापरावा लागेल.